चुका स्वस्तात करण्याची शाळा

(मंडळाच्या निधी-संकलन संध्येला केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच सांगून टाकतो, आमच्यानंतर गाण्याचा कार्यक्रम आहे आणि त्यानंतर जेवण. त्यामुळे आमचं भाषण कुणाच्या भुकेच्या आड येणार नाही याची काळजी घेऊ. कार्यक्रमपत्रिकेवर विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्याचं आम्हाला कळलं आहे. ‘रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं आणि सिम्युलेटर’! मराठी मंडळात हे काय मध्येच? नाट्यसंगीत झालं, कवी संमेलन झालं, मोदक करण्याची स्पर्धा झाली, आणि आता एकदम क्षेपणास्त्र?

तर त्याचं कारण असं. आजचा निधी जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी आहे. सैनिकाची आठवण आपल्याला बहुतेक वेळा तो जखमी झाल्यावर किंवा गेल्यावर होते. तो जखमी होऊ नये म्हणून आधी काय करता येतं, याचा विचार आपण फारसा करत नाही. आम्ही म्हणजे मंडळाच्या वाचनगटातली चार-पाच मंडळी. कुणी भारतात लष्करात काही वर्षं काढलेली, कुणी इंजिनियर, कुणी शाळेत शिकवणारी. आम्हाला वाटलं की यंदा देणगीचं आवाहन करताना त्या ‘आधी’बद्दलही थोडं बोलावं. आणि त्यासाठी एकच उदाहरण घ्यावं, म्हणजे विषय नीट हाताशी राहील. जे जगजाहीर आहे तेवढंच सांगणार आहोत, त्यामुळे गुपितं ऐकायला आलेल्यांनी खुशाल चहा घेऊन यावा!

जो बाण एकदाच सुटतो

रणगाडा म्हणजे चाळीस, पन्नास, साठ टनांचं लोखंडी चिलखत. त्याच्यापुढे एकटा पायदळाचा जवान म्हणजे हत्तीपुढे माणूस. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने एकामागून एक पॅटन रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबरला तिथेच वीरमरण पत्करलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, हे आपल्यातल्या बहुतेकांना शाळेपासून माहीत आहे. त्या तोफेने नेम धरायचा तर रणगाड्याच्या बरंच जवळ जावं लागे. जवळ गेलं की तोही आपल्याला बघतो. अब्दुल हमीद यांच्या शौर्याची किंमत त्या अंतरात होती.

मार्गदर्शित क्षेपणास्त्र आलं ते हे अंतर वाढवण्यासाठी. आज ऑस्ट्रेलियाच्या पायदळाकडे जॅव्हलिन नावाचं क्षेपणास्त्र आहे. २००३ साली इराकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या विशेष दलाच्या जवानांनी ते प्रत्यक्ष वापरलं. जवान ते खांद्यावरून डागतो, आणि दोन किलोमीटरपलीकडचा रणगाडाही त्याच्या टप्प्यात येतो. नळी आणि नेमयंत्र मिळून वजन बावीस किलोच्या आसपास. आपण भारतात जाताना एअरलाइनच्या काट्यावर ठेवतो ती बॅग डोळ्यांपुढे आणा. ती पाठीवर घ्या आणि पळा!

आता किंमत. अलीकडच्या वर्षांत अशा एका क्षेपणास्त्राची किंमत दीड-दोन लाख अमेरिकन डॉलर्सच्या आसपास गेली आहे. म्हणजे बटण एकदा दाबलं की आपल्या उपनगरातल्या घराचं भलंमोठं डिपॉझिट आकाशात गेलं. ते परत येत नाही, दुरुस्त होत नाही, दुसऱ्यांदा वापरता येत नाही.

मग प्रश्न असा की हे शिकवायचं कसं? प्रत्येक धड्यानंतर गाडी जळून जाणार असेल तर ड्रायव्हिंग शिकवणारा किती धडे देईल? बंदुकीचं तसं नसतं. जवान हजारो गोळ्या झाडतो आणि त्याचा हात बसतो. क्षेपणास्त्राचं असं होतं की ते चालवायला शिकलेल्या कित्येक जवानांच्या वाट्याला खरं क्षेपणास्त्र डागण्याची संधी सबंध नोकरीत एखाद-दुसऱ्या वेळी येते, काहींच्या वाट्याला कधीच येत नाही. आणि तरीही अपेक्षा अशी की तो दिवस आलाच, तर पहिल्याच वेळी बरोबर आलं पाहिजे. जे काम करायला मिळतच नाही, त्यात तरबेज कसं व्हायचं? या कोड्याचं उत्तर म्हणजे सिम्युलेटर.

आपल्या ऑस्ट्रेलियाचा ‘मलकारा’

या गोष्टीची सुरुवात शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातच ‘मलकारा’ नावाचं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र तयार झालं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वूमेराच्या ओसाड माळावर त्याच्या चाचण्या झाल्या आणि पुढे ब्रिटिश लष्कराने ते वापरलं. नाव वाचून आम्हाला आधी आपला माळकरी आठवला! पण हा शब्द इथल्या आदिवासींच्या भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ ‘ढाल’. जगातल्या पहिल्या काही मार्गदर्शित रणगाडाविरोधी अस्त्रांत याची गणना होते.

हे चालायचं कसं? क्षेपणास्त्र सुटलं की मागे एक बारीक तार उलगडत जायची, पतंगाच्या मांजासारखी. चालकाच्या हातात एक छोटी दांडी. डोळ्याने क्षेपणास्त्र बघायचं, डोळ्याने रणगाडा बघायचा आणि दांडी हलवत हलवत एकाला दुसऱ्यावर नेऊन आदळायचं. मांजा कसा द्यायचा आणि कधी ओढायचा हे पुस्तक वाचून येत नाही, हे संक्रांतीला गच्चीवर उभं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथेही तेच. अस्त्राचा अर्धा भाग कारखान्यात तयार व्हायचा आणि उरलेला अर्धा चालकाच्या अंगठ्यात तयार करावा लागायचा.

याच पद्धतीचं सोव्हिएत बनावटीचं ‘सॅगर’ १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्तच्या सैनिकांनी सुवेझच्या काठावर वापरलं आणि इस्रायलच्या रणगाड्यांचं मोठं नुकसान केलं. जगभरच्या लष्करांना धक्का बसला. साध्या पायदळाला हे जमलं कसं? उत्तराचा मोठा भाग सरावात होता. त्या चालकांना महिनोन्‌महिने, रोजच्या रोज, सिम्युलेटरवर बसवलेलं होतं. खरं क्षेपणास्त्र महाग, पण पडद्यावरचा ठिपका फुकट. रोज हजेरी लावली की अंगठा तयार होतो. आपल्याकडे गवयी रोज पहाटे खर्ज लावतो, त्यातलाच हा प्रकार.

बारा सेकंद

पुढची पिढी आली ती ‘मिलान’ची. हे मूळचं फ्रान्स आणि जर्मनीचं. भारतात १९८० च्या दशकापासून ते हैदराबादच्या भारत डायनॅमिक्समध्ये परवान्याखाली तयार होऊ लागलं. ऑस्ट्रेलियाच्या लष्करातही ते होतं आणि पुढे त्याची जागा जॅव्हलिनने घेतली. मिलानमध्ये दांडी हलवायची गरज राहिली नाही. चालकाने फक्त दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरून ठेवायची. क्षेपणास्त्र आपोआप फुलीच्या मागे जातं. किती वेळ धरायची? दोन किलोमीटरसाठी साधारण बारा-साडेबारा सेकंद.

हे सोपं वाटतंय ना? मग आत्ता एक छोटा प्रयोग करू या. समोर पाणी घेऊन जाणाऱ्या स्वयंसेवकाच्या पाठीवर आपलं बोट रोखा. तो चालेल तसं बोट चालू द्या. मध्ये खांब येईल, कुणाची खुर्ची येईल. मनात बारा आकडे मोजा... झालं? आमच्या हिशेबाने अर्ध्या सभागृहाची बोटं आठाच्या आत हलली! आणि इथे आपल्यावर कुणी गोळ्या झाडत नव्हतं. रणांगणात समोरच्याला क्षेपणास्त्र सुटल्याचा धूर दिसतो. त्याला ठाऊक असतं की धुरामागे एक माणूस आहे आणि त्या माणसाला बारा सेकंद जागचं हलता येणार नाही. तो सगळं बळ त्या धुराकडे वळवतो.

त्या बारा सेकंदांत हात न हलवण्याची सवय म्हणजे शिक्षण. ती लागेपर्यंत शेकडो वेळा चुकावं लागतं. सिम्युलेटरमध्ये चुकलं तर पडद्यावर एक रेघ उमटते: इथे तुझा हात डावीकडे गेला. गुरुजी ती दाखवतात आणि पुन्हा सुरू. खर्च शून्य.

‘डागा आणि विसरा’, पण विसरायच्या आधी?

जॅव्हलिन ही त्याच्याही पुढची पायरी. याला ‘डागा आणि विसरा’ म्हणतात. क्षेपणास्त्राच्या नाकात उष्णता पाहणारा डोळा असतो. एकदा लक्ष्य पकडलं आणि अस्त्र सोडलं की जवानाने लगेच जागा सोडायची. ते वर चढतं आणि रणगाड्याच्या छतावर, म्हणजे जिथे चिलखत सर्वांत पातळ असतं तिथे, वरून झडप घालतं. बारा सेकंद थांबायची शिक्षा संपली.

कुणालाही वाटेल की मग सरावाची गरजही संपली असेल. सगळं यंत्रच करतंय! प्रत्यक्षात झालं असं की हाताचं काम कमी झालं आणि डोक्याचं वाढलं. नेमयंत्रातून जवानाला दिसतं ते उष्णतेचं चित्र. ते आपल्या टीव्हीसारखं स्वच्छ नसतं. पांढुरके, करडे ठिपके. त्यात तापलेलं इंजिन कुठलं, उन्हात तापलेला खडक कुठला, रिकामा ट्रक कुठला आणि रणगाडा कुठला, हे ओळखायचं. ओळखल्यावर तो आपला की परका, हे ठरवायचं. अस्त्राचा डोळा थंड करणारी बॅटरी एकदा चालू केली की ती सुमारे चार मिनिटं पुरते, मग वाया जाते. म्हणजे घाई करून चालत नाही आणि रेंगाळूनही चालत नाही. शिवाय मागे कोण उभं आहे ते बघायचं, कारण नळीच्या मागून झोत निघतो आणि आपलाच सोबती भाजू शकतो.

यासाठी शिकवण्याची साधनं तीन पायऱ्यांची आहेत. पहिली वर्गातली. जवान खऱ्यासारख्याच नेमयंत्रात डोळा घालून बसतो आणि आत संगणकाने तयार केलेलं दृश्य दिसतं. शेजारी शिक्षकाचा पडदा. शिक्षक पाऊस पाडतो, रात्र करतो, धुकं आणतो, शत्रूच्या चार गाड्यांत आपली एक गाडी हळूच मिसळतो. दुसरी पायरी मैदानातली. तिथे खऱ्या झाडाझुडपांत, खऱ्या गाड्यांवर ‘नेम’ धरायचा. स्फोटाऐवजी लेझरचा किरण जातो आणि समोरच्या गाडीवरचा संवेदक सांगतो की तू लागलास. तिसरं साधन अगदी साधं: खऱ्या अस्त्राच्या वजनाची, आकाराची नुसती पोकळ नळी. ती वाहून न्यायची, उचलायची, खांद्यावर घ्यायची, खाली ठेवायची. यात काहीच इलेक्ट्रॉनिक नाही, पण पाठीला धडा मिळतो.

ऑस्ट्रेलियात बंदिस्त जागेतल्या सरावाची जुनी व्यवस्था आहे. ठिकठिकाणच्या छावण्यांत मोठ्या पडद्यांची सराव-केंद्रं आहेत. तिथे रायफलीपासून ते खांद्यावरून डागायच्या शस्त्रांपर्यंतचा सराव गोळी न उडवता होतो. क्वीन्सलंडमध्ये टाउन्सव्हिलला लष्कराचं युद्ध-प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे लेझर आणि संवेदक लावून अख्ख्या तुकड्यांची खोटी लढाई लढवली जाते. आपल्यातली मेलबर्नची मंडळी ह्यूम फ्रीवेवरून सीमूरकडे जातात, तिथून जवळच पकापन्यल आहे. रणगाडा-दलाची शाळा तिथलीच. शाळेबरोबर जुन्या रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. पुढच्या सुट्टीत मुलांना जरूर न्या.

जमिनीचा आणि आगीचा हिशेब

सिम्युलेटरचा फायदा पैशात मोजला जातो, पण इथे राहणाऱ्यांना त्याचं आणखी एक कारण चटकन पटेल. १६ ऑक्टोबर २०१३ ला न्यू साउथ वेल्समध्ये लिथगोजवळ मोठी आग लागली. ती मॅरंगरूच्या लष्करी क्षेत्रातल्या स्फोटकांच्या सरावातून सुरू झाल्याचं तपासात पुढे आलं. ब्लू माउंटन्सच्या बाजूला हजारो हेक्टर रान जळालं. सराव नियमित होता, कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण कोरडा वारा आणि उन्हाळा यांच्यासमोर एक ठिणगी पुरते, हे या देशात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. जो सराव पडद्यावर होतो, त्यातून वणवा पेटत नाही.

असाच दुसरा हिशेब आपल्या गावाकडचा आहे. नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हे भारताच्या रणगाडा-दलाचं माहेर. तिथलं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि त्याच्या जवळचं के. के. रेंज हे गोळीबाराचं मैदान. २२ सप्टेंबर २०२० ला याच मैदानावर अर्जुन रणगाड्यातून लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारं क्षेपणास्त्र डागलं गेलं आणि तीन किलोमीटरवरचं लक्ष्य त्याने टिपलं. बातमी वाचून आम्हा नगरकरांची छाती फुगली! पण त्याच मैदानाच्या विस्ताराच्या चर्चेने राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या गावांची झोपही उडाली होती. अस्त्राचा पल्ला वाढला की मैदान मोठं लागतं, आणि मैदान मोठं करायचं तर कुणाचं तरी शेत, कुणाची तरी विहीर त्यात जाते. देशाचं रक्षण हवं आणि शेतकऱ्याची जमीनही हवी, हा पेच खरा आहे. सिम्युलेटर तो पूर्ण सोडवत नाही. पण जितका सराव चार भिंतींत होईल, तितका मैदानावरचा ताण कमी होतो.

भारतातही हे आता धोरण झालं आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्याची चौकट जाहीर केली. हैदराबादची झेन टेक्नॉलॉजीजसारखी देशी कंपनी रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांचे सिम्युलेटर बनवते. एकेकाळी अशी यंत्रं बाहेरून आणावी लागत.

न डागण्याचं शिक्षण

मंडळी, आता जरा गंभीर. सिम्युलेटर नेम शिकवतो, हे झालंच. पण आमच्या मते त्याचा सर्वांत मोठा उपयोग वेगळाच आहे. तो न डागायला शिकवतो.

२६ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध. ब्रिटनच्या दोन चिलखती गाड्यांवर अमेरिकेच्या विमानांनी क्षेपणास्त्रं सोडली. शत्रूच्या गाड्या समजून! नऊ ब्रिटिश तरुण मेले. अस्त्र अचूक होतं, नेम अचूक होता, चुकली ती ओळख. त्या युद्धात कामी आलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास चौथा हिस्सा आपल्याच बाजूच्या माऱ्यात गेला. अस्त्र जितकं अचूक, तितकी ओळखण्यातली चूक महाग.

म्हणून शिक्षक शत्रूच्या गाड्यांत आपली एक गाडी मिसळतो. शिकणाऱ्याने ती उडवली की पडदा थांबतो. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते, ती कोणत्याही भाषणापेक्षा जास्त शिकवते, असं आमच्यापैकी ज्यांनी असे वर्ग पाहिले ते सांगतात. ती चूक तिथे झाली, कुणी मेलं नाही, आणि तो मुलगा ती जन्मभर विसरणार नाही. खऱ्या मैदानात हा धडा देण्याचा मार्गच नाही.

बरेच पालक आम्हाला विचारतात, आमचा मुलगा दिवसभर व्हिडिओ गेममध्ये रणगाडे उडवतो, मग तोही शिकतोच आहे की! फरक इथे आहे. गेममध्ये रणगाडा उडाला की गुण मिळतात. सिम्युलेटरमध्ये रणगाडा उडाल्यावर चौकशी सुरू होते. का उडवलास? कशावरून ओळखलंस? मागे कोण होतं? सगळ्यांसमोर सगळं पुन्हा चालवून दाखवतात. आणि तिथे वरिष्ठालाही आपली चूक मांडावी लागते. आपल्या घराघरांत आणि कमिट्यांमध्ये ही पद्धत आणली तर? असो, तो वेगळा विषय आहे!

जे पडद्यावर शिकता येत नाही

सिम्युलेटरची फक्त स्तुती करून बसलो तर ते खरं होणार नाही. त्याच्या मर्यादा मोठ्या आहेत. टाउन्सव्हिलच्या उकाड्यात बावीस किलो वाहून नेल्यावर हात कसे थरथरतात, हे वातानुकूलित खोलीत कळत नाही. भीती कळत नाही. धूळ डोळ्यांत जात नाही. आणि वाईट सवयही लागू शकते: चुकलं तर ‘पुन्हा सुरू’ करता येतं, ही सवय. म्हणून सगळीच लष्करं शेवटी थोडी तरी खरी क्षेपणास्त्रं डागायला देतातच. वर्षभर रियाज आणि मग एक मैफल.

आणखी एक गोष्ट पडद्यावर शिकता येत नाही. पडद्यावरचा रणगाडा रिकामा असतो. खऱ्या रणगाड्यात तिघे-चौघे बसलेले असतात. हे आपल्याला परकं नाही, कारण आपले वीरही रणगाड्यातच होते. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सप्टेंबर १९६५ मध्ये आणि त्याच पलटणीचे, पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत. खेत्रपाल अवघे एकवीस वर्षांचे होते. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. दोघेही सेंच्युरियन रणगाड्यांतून लढले. याच जातीचे रणगाडे घेऊन ऑस्ट्रेलियाची मुलं व्हिएतनाममध्ये लढली. त्यामुळे ज्या अस्त्राचं आपण कौतुक करतो, त्याच्या दुसऱ्या टोकालाही कुणाचा तरी मुलगा बसलेला असतो, हे शिकवायचं काम यंत्राचं नाही. ते गुरूचं आणि घराचं आहे. आपण खंडेनवमीला शस्त्राला हळदकुंकू वाहतो, फूल वाहतो. त्या फुलाचा अर्थ आम्ही असा घेतो की शस्त्र हाताळणाऱ्याचं मन मऊ राहावं.

ऑस्ट्रेलियासाठी हा विषय जुना होत नाही. नव्या बॉक्सर आणि रेडबॅक चिलखती गाड्यांवर स्पाइक हे क्षेपणास्त्र बसवायचं ठरलं आहे. २०२३ च्या जानेवारीपासून ऑस्ट्रेलियाचे शिक्षक ब्रिटनमध्ये जाऊन युक्रेनच्या नव्या भरतीला शिकवू लागले. काही आठवड्यांपूर्वी दुकान चालवणारा, शाळेत शिकवणारा माणूस समोर उभा, आणि त्याला थोड्या आठवड्यांत तयार करून परत रणांगणावर पाठवायचं. ज्या चुका करायच्या त्या इथेच करून घे बाबा, एवढीच त्या शिक्षकांची विनवणी असणार.

आणि तरीही जो जखमी होतो

कितीही सराव केला तरी युद्धात सगळे धडधाकट परत येत नाहीत. तिथे आपलं काम सुरू होतं.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यांनी पाण्यात उतरून पुन्हा पहिल्यापासून शिकायला सुरुवात केली. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याजवळ खडकीला मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. अपंग झालेल्या सैनिकांना हाताला काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटही खडकीतच आहे. तिची सुरुवात १९१७ साली मुंबईत झाली. या देशात १९२३ मध्ये मेलबर्नला सुरू झालेली ‘लेगसी’ ही संस्था आजही सैनिकांच्या कुटुंबांना आधार देते.

जरा नीट पाहिलं तर पुनर्वसन केंद्रही एक प्रकारची सरावाची शाळाच आहे. व्हीलचेअरवरून पलंगावर कसं जायचं, हे तिथे शंभरदा चुकत शिकायचं असतं. खाली गादी असते, शेजारी धरायला माणूस असतो. पडलं तरी लागत नाही. घरी गेल्यावर मात्र गादी नसते. म्हणून पडायचं ते इथेच पडून घ्यायचं. त्या गादीचा, त्या धरणाऱ्या माणसाच्या पगाराचा, त्या व्हीलचेअरच्या चाकाचा खर्च कुणीतरी करावा लागतो.

क्षेपणास्त्राच्या सिम्युलेटरचा खर्च सरकार करतं आणि आपण तो करातून देतोच. दुसऱ्या शाळेचा खर्च सरकारला सगळा पुरा पडत नाही. तिथे आपण हवे आहोत. आजच्या तिकिटाचे पैसे, वडापावच्या स्टॉलवरचा नफा, सोडतीची तिकिटं आणि तुमच्या देणग्या या सगळ्यातून जी रक्कम जमेल, ती याच कामाला जाणार आहे. दाराशी पेटी ठेवली आहे. धनादेश देणाऱ्यांसाठी खजिनदार तिथेच पावतीपुस्तक घेऊन बसले आहेत. कुणी किती दिले हे आम्ही विचारणार नाही आणि स्टेजवरून वाचूनही दाखवणार नाही.

 आता गाणं ऐकू या आणि जेवायला जाण्याआधी एकदा दाराशी थांबू या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!